पेंटरभाऊंचे चौकोन

पेंटरभाऊ कोणाकडेही पूर्ण डोळे उघडून पाहत नसत. दोन्ही डोळे किलकिले, मान जराशी मागे, जणू समोरचा माणूस धुक्यातून चालत येतोय. आमच्या बोरी अरब गावात नव्यानं आलेल्या सुना घाबरायच्या. मीही घाबरले होते. माझं घर त्यांच्या दुकानासमोर. मी खिडकीत शिलाई मशीनवर बसायची आणि समोरून हे असे डोळे! एक दिवस धीर करून विचारलं, "काहो भाऊ, डोयाले काही तरास हाय का?"

"नाही वहिनी. डोये अर्धे मिटले का मानसातलं फालतू सारं निघून जाते. कामाचं तेवढं उरते."

मी मशीन चालू केली.

दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॉलीमागची नावं, सगळं त्यांच्याच हातचं. चेहरा काढायचा असला की आधी फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखायचे, मग पत्र्यावर तितकेच पण मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन बघून रंग भरत जायचं. चौकोनाला ते घर म्हणत. "मले चित्र येत नाही. घरं भरता येते." लोकांना वाटे, काय हा विनय! विनय कसला, खरंच येत नव्हतं. एकदा दूधवाल्याच्या पाटीवर मनानं गाय काढली, तर शेळी झाली. दूधवाला कुरकुरला. भाऊ म्हणाले, "दुरून पाहा ना बाप्पा." तो रस्त्यापलीकडे जाऊन ओरडला, "दुरूनही शेळीच हाय!"

मग फ्लेक्स आले आणि पत्र्याची कामं आटली. भाऊंनी फार मनाला लावून घेतलं नाही. "फ्लेक्स जुना झाला का लोक गुराच्या कुटारावर, भुश्यावर, झाकाले टाकते. मोठमोठे पुढारी कुटार राखून राह्यले. माहा पत्रा गंजते, पण उभा राह्यते." आणि चहा मागवायचे.

माझ्याकडे पोलकी शिवायला तांड्यावरची शेवंता यायची. तिचा नवरा बाबूसिंग काविळीनं गेला, त्याला तेव्हा वरीस झालं होतं. आता पोरीचं, सुनीताचं लग्न ठरलेलं. पोरीनं एकच हट्ट धरला: मांडवाच्या दारात बापाचा मोठा फोटो पाहिजे, त्याच्या पाया पडूनच बोहल्यावर चढीन. पण फोटो आणायचा कुठून? लग्नाच्या फोटोत बाबूसिंगला मिशीही फुटलेली नव्हती. मी म्हटलं, आधार कार्डावरचा घे.

"त्याच्यात तर चोरावानी दिसते, ताई."

शेवटी एक सापडला, दिराच्या फोनमध्ये. पोळ्याच्या दिवशी काढलेला, म्हणजे फोटो बैलांचा; बाबूसिंग पार मागं, नखाएवढा, पण तोंडभर हसताना. शेवंता तो घेऊन दारव्ह्याला गेली. फ्लेक्सवाल्यानं दोन बोटांनी मोठा करून पाहिला, तर नुसते चौकोन. "फोटो फाटते, काकू," म्हणाला. मग बिचाऱ्यानं आपणहूनच तो कुठल्याशा ॲपमध्ये टाकून साफ करून दिला. नाक सरळ, गाल गुळगुळीत, केस भांग पाडून. शेवंता तो फोन माझ्यापुढं धरून रडायला लागली. "हा कोन व्हय वं ताई? हा तर बँकेतला सायब! पोरगी ह्याच्या पाया पडन का?"

मी तिला हाताला धरून समोर भाऊंकडे नेलं. भाऊंनी साहेबाकडे पाहिलंच नाही. तो फाटका फोटो मोठा केला, डोळे किलकिले केले, आणि हसायलाच लागले. "अरे, हे तं घरं आखूनच आले! माहं अर्धं काम फोननंच केलं."

मी म्हटलं, "भाऊ, नाक, डोळे नीट काढून द्या म्हणजे झालं."

"कायले? मी त्याले कधी पाह्यलं नाही, वहिनी. नाक मनानं लावलं तं पुन्हा दुसराच मानूस. जेवढं हाय तेवढंच भरतो. एकही घर जास्तीचं नाही."

तीन-चार दिवस ते पत्र्यावर चौकोन भरत होते आणि माझा जीव खालीवर. चार पावलांवरून पाहावं, तर विटकरी, तपकिरी, निळी, मातकट ठिगळं. माणसाचा पत्ता नाही. शेवंता विचारायची, "दिसते का वं?" मी म्हणायची, "रंग लई छान आहेत." दुसरं काय सांगणार?

लग्नाच्या दिवशी पत्रा मांडवाच्या दारात लागला आणि दीर तडकला. "ह्यो भाऊ हाय माहा का गोधडी?" पाहुणे हसले. सुनीता हळदीच्या अंगानं बाहेर आली, तिनं पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. शेवंता खालीच बसली. पेंटरभाऊ मात्र शांत. त्यांनी दिराचा दंड धरला, त्याला रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली नेलं आणि म्हणाले, "आता पाह्य. अर्धे डोये मीट."

दीर पाहत राहिला. मग त्याचा आवाज असा फुटला की वाजंत्रीवालेही थांबले. "अबे... हसून राह्यला ना बे तो!"

मग काय, सगळं वऱ्हाडच पलीकडे. सुनीता पदर धरून धावली, वळली आणि आईला नुसतं म्हणाली, "याडी, बा!" नमस्कार तिनं तिथूनच, रस्त्यापलीकडून केला. ट्रक थांबून होते, पण एकानंही हॉर्न वाजवला नाही.

लग्नानंतर शेवंतानं हौसेनं पत्रा घरात लावला आणि आठ दिवसांत परत आली. "घरात तो दिसतच नाही ना हो, भाऊ! समोरच्या भिंतीले पाठ लावून पाह्यलं, तरी गोधडीच!"

आम्ही दोघंही खूप हसलो. तीही हसली. भाऊ म्हणाले, "तुह्या खोलीत तो मावते का? वावरातला मानूस, धुऱ्यावर उभा कर." तेव्हापासून बाबूसिंग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, रस्त्याकडे तोंड करून.

उन्हानं रंग उडाले तेव्हा भाऊंना बाज सुटत नव्हती. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं, उरलेले डबे दिले आणि पडल्या पडल्या शिकवलं. "एका टायमाले एकच घर. जो फिका रंग दिसन, तोच गडद भरा. तोंडाकडे पाहू नका, तोंड पाह्यलं का हात थरथरते." त्याच हिवाळ्यात ते गेले.

आता दर दिवाळीच्या आधी मी नि शेवंता धुऱ्यावर जातो. मी आयुष्यभर शिलाई केली, ब्रश कधी धरला नव्हता. आता बरा चालतो. ती खालची घरं भरते, मी वरची. गप्पा सगळ्या सुनांच्या, भाजीच्या, गुडघ्यांच्या. काम झालं की रस्त्यापर्यंत चालत जायचं आणि मगच वळून पाहायचं. मी कुठं निळा चुकला ते शोधत असते, तोवर शेवंतानं नव्या नवरीसारखा डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतलेला असतो.