फोटोत काय निघालं, बाबा

माझ्या बाबांना मरेपर्यंत माहीत नव्हतं की त्यांना हृदयाचा आजार आहे.

घरात बाकी सगळ्यांना माहीत होतं. मलासुद्धा. मी तेव्हा नववीत होते.

दरवर्षी या दिवशी मी त्यांच्या तसबिरीला हार घालते आणि गप्प बसते. यंदा नाही बसणार. नातेवाईकांना राग आला तर येऊ दे, मला तो कधीचाच आलाय.

ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर. टेकडीवर आमची खोली, नळ खाली, आणि मध्ये जीव काढणाऱ्या पायऱ्या. संपात गिरणी गेली, तेव्हापासून बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्या पायऱ्यांवर त्यांची छाती भरून यायला लागली.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मांडीतून नळी घालून तपासणी केली. अँजिओग्राफी हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे म्हणायचे 'आतला फोटो'.

डॉक्टरांनी आईला आणि बाबांच्या थोरल्या भावाला, म्हणजे तात्यांना, बाहेर बोलावलं. मी आईबरोबर होते.

"एक रक्तवाहिनी बरीच चोंदलीय. आता नवीन ट्रीटमेंट आलीय. अशीच नळी घालायची, टोकाला छोटा फुगा असतो, तो आत फुगवून वाट मोकळी करायची. छाती उघडावी लागत नाही. रिस्क आहे. त्यांच्याशी बोला आणि ठरवा."

त्यांच्याशी बोला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

तात्या बोरिवलीचे, सरकारी ऑफिसातले, म्हणजे आमच्या खानदानातले शहाणे. ते हसले. खरंच हसले.

"काळजात फुगो? जत्रा आसा काय ही? फुटलो तर?"

मग आईला म्हणाले, "त्येका कायएक सांगू नको. हाय खायत. गॅस आसा म्हणान सांग."

आईने मान हलवली. मोठ्या दिरासमोर बोलायचं नाही ना! डोंबलाचा मान.

संध्याकाळी बाबांनी मलाच विचारलं. पोरगी कधी खोटं बोलत नाही, असं ते चारचौघांत सांगायचे.

"गो बाय, फोटोत काय निघाला?"

मी आईकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच दटावलं.

"गॅस," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा इतका खुलला! लगेच ओवा मागितला.

घरी आल्यावर दोन दिवसांत परत पाणी भरायला लागले. दोन हातांत दोन पत्र्याचे डबे. आई म्हणायची, मी आणते. का, ते सांगायची नाही.

"गॅसच मां? चार पावलां चाललंय काय सुटतलो," म्हणत ते पायऱ्या उतरायचे.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या पाण्याच्या वेळी, ते पायरीवर बसले ते उठलेच नाहीत.

एक डबा लवंडला होता. दुसरा त्यांनी नीट बाजूला ठेवला होता, काठोकाठ भरलेला.

बाराव्याला तात्या म्हणाले, "सुखान गेलो." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

गेल्या महिन्यात माझी अँजिओप्लास्टी झाली. आता मनगटातून करतात. आदल्या दिवशी दाराबाहेर माझा मुलगा डॉक्टरांना हळूच सांगत होता, "आईला डिटेल्स नका सांगू हां, उगाच टेन्शन घेईल."

मी बेडवरून ओरडले. "इकडे ये रे! ब्लॉकेज कुणाचं आहे? माझं ना? मग मला सांगा, सही पण मीच करणार."

नर्स बिचारी दचकली. पोरगा अजून जरा लांबूनच बोलतो. बोलू दे.

कदाचित बाबाही म्हणाले असते, नको तो फुगा. कदाचित फुगा घालूनही गेले असते. पण ठरवलं त्यांनी असतं. आणि ते डबे तरी नक्की उचलले नसते.

आज मी श्रद्धांजली लिहिणार नाही. फक्त उत्तर देते.

बाबा, फोटोत गॅस नव्हता.

रक्ताची नळी चोंदली होती. मी खोटं बोलले.

तुमची बाय