सारवलेली रास

बेळगावात खासबागेला भीमसेनचं घर. आई शेवंताबाईनं वखारीत तंबाखू निवडून त्याला शिकवलं. तो रसायनाची बीएस्सी झाला आणि खानापूरकडच्या एका तांब्याच्या खाणीवर लागला.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. खाणीबाहेर टाकाऊ दगडाची टेकडी साचली होती. त्यात तांबं होतं, पण इतकं थोडं, की भट्टी पेटवणं परवडेना. भीमसेन म्हणाला, "खाणीतल्या आंबट पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ते या दगडातलं तांबं मोकळं करून पाण्यात सोडतील." मॅनेजरनं एक रास घालू दिली; शिमग्यापर्यंत तांबं दिसलं नाही, तर काम बंद.

दिवाळी सरल्यावर मुकादम भरमूअण्णानं रास रचली. पिढीजात शेतकरी माणूस. त्यानं ती धुमसानं चोपली, वरून शेणानं सारवली. खळ्यासारखी गुळगुळीत! भीमसेनलाही ती देखणी वाटली. त्यानं वरून खाणीतलं आंबट पाणी सोडलं.

संक्रांत आली तरी खालच्या चरीत गढूळ पाण्याशिवाय काही उतरेना.

"काय भीमसेना," भरमूअण्णा हसला, "जनावरं तुझी रवंथ करत बसली का रं?"

भीमसेन राशीवर चढला. माथ्यावर पाण्याचं डबकं साचलेलं. त्यानं पहार मारली. आतला दगड कोरडा ठणठणीत. मग त्याच्या ध्यानात आलं, की चोपून-सारवून आपणच त्या जिवांचा श्वास कोंडला.

"अण्णा, फोडा ही रास."

"सारवल्यालं खळं फोडू? आमच्यात न्हाय असलं करत कोण!"

"हे धान्य न्हाय, अण्णा. ह्यात जीव हाईत, त्यांस्नी वारं पायजे."

भरमूअण्णानं सारवलेल्या माथ्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यानंच पहार उचलली. "मग गंजीगत मोकळी रचली असती की! आधी सांगाय काय झालतं तुला?"

रास मोकळी झाली. आत वारं खेळू लागलं, पाणी झिरपू लागलं. शिमग्याच्या आधी एका सकाळी चरीतून निळं पाणी उतरलं, मोरपिसाच्या रंगाचं. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यांतून आणलेला लोखंडी कीस त्यांनी ते तांब्याचं निळं पाणी साठवलेल्या हौदात टाकला, आणि त्या काळ्या किसावर तांबं चढत गेलं. मॅनेजरनं हात बुडवून तो लाल गाळ वर काढला आणि तसाच ओला हात भीमसेनच्या खांद्यावर ठेवला. "आता दुसरी रास घाला," तो म्हणाला.

"दुसरी नि तिसरी, दोन्ही घालतो!" भरमूअण्णा गरजला.

त्या गाळाची पहिली लगड ओतली, ती भीमसेननं आईला दाखवायला नेली आणि त्या जिवांची हकिकत सांगितली. शेवंताबाईनं ती चिंचेनं खसाखसा घासली. उन्हात लगड लालभडक पेटली.

"लई गुणाची जनावरं हाईत रं तुझी," ती म्हणाली.