बंदूक ठाण्यात होती तेव्हा

आमच्या रानाची वाट एका बड्या शेतकऱ्याच्या तुरीतून जाते. सरकारी नकाशावर ती सगळ्यांची आहे. पण तो बांधावर परवान्याची बंदूक घेऊन बसतो. रानडुकरांसाठी, म्हणे! म्हणून आई लांबच्या फेऱ्यानं जाते.

निवडणूक लागली. नियमाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा झाली आणि आई महिनाभर सरळ वाटेनं गेली. निकालानंतर मी अर्ज घेऊन फौजदाराकडे गेलो. बंदूक परत देऊ नका म्हणालो.

"निवडणूक झाली की अण्णा," तो हसला. "आता कामून ठेवून घेऊ?"

'पोलिसांकडे निर्भयपणे जा' अशी पत्रकं मीच गावात वाटली होती.

दुसऱ्या दिवशी तो शेतकरी बंदूक घेऊन बांधावर दिसला. आई लांबच्या वाटेला वळली.

"पुढचं इलेक्शन कवा हाय रे?" तिनं विचारलं.