आम्हाला कोणी सांगितलंच नाही

उत्तर कोरियाला जाऊन आल्यावर सिंगापुरात जो भेटेल तो एकच विचारायचा, "काय काय पाहिलंत?" या प्रश्नाने माझं डोकं उठायचं. जे दाखवलं ते पाहिलं. पुतळे पाहिले, रुंद रिकामे रस्ते पाहिले आणि मग आणखी पुतळे पाहिले.

जायची हौस नवऱ्याची. तो जुरोंग आयलंडवर, तेल-रसायनांच्या कारखान्यांच्या बेटावर, इंजिनिअर. रोज पास दाखवून, कंपनीच्या बसमधून, ठरलेल्या फाटकातून आत जाणारा माणूस सुट्टीतही तसल्याच ठिकाणी जायला का तडफडतो, हे मला आजवर कळलेलं नाही. "जिथे कोणी जात नाही तिथे जायचं," एवढंच त्याचं म्हणणं. मला बालीला जायचं होतं.

तिथे आमच्या लहानशा गटाला सरकारने दोन गाइड दिले होते. एक पन्नाशीचा गृहस्थ. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो नुसता आमच्यामागून चालायचा. दुसरी एक तरुण मुलगी, तीच सगळं इंग्रजीत समजावून सांगायची. हॉटेलबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. मला भाजीबाजार बघायचा होता. कुठेही गेले की मी आधी तो गाठते. लोक काय खातात ते कळलं की गाव कळतं. मुलीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "उद्या." दुसऱ्या दिवशीही "उद्या." तिसऱ्या दिवशी आम्हाला ट्रॅक्टरचा कारखाना दाखवला. मी इतकी वैतागले की परतताना बसमध्ये डोळे गच्च मिटून बसले. बघतच नाही जा, म्हटलं.

नियम मात्र तिने पहिल्याच दिवशी बसमध्ये नीट सांगितले होते. सैनिकांचे फोटो काढायचे नाहीत. पुतळ्यांपुढे वाकायचं. वर्तमानपत्रात नेत्याचा फोटो असतो, तेव्हा ते दुमडायचं नाही, टाकायचं नाही, त्यात काही गुंडाळायचं तर मुळीच नाही. मी ऐकत होते. नवरा माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत होता.

आमच्या घरी बॅग भरायचं काम नवऱ्याचं. बायकांना बॅग भरता येत नाही, असं त्याचं ठाम मत. मी शाकाहारी, त्यामुळे बरोबर कैरीच्या लोणच्याची बरणी होती. आणि या पुणेरी माणसाला बरणी दिसली की त्याचे हात आपोआप पेपर शोधतात. आमच्या कॉन्डोत, म्हणजे सिंगापुरातल्या सोसायटीत, रद्दीवाला दारावर येत नाही, तरी रद्दीचा गठ्ठा आहेच, "लागतो" म्हणून. तिथे एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना त्याने लॉबीतला पेपर आणला, बरणी छान गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याने ते बोचकं बाहेर काढलं. पहिल्या पानावरच्या भल्यामोठ्या चेहऱ्यावर तेल उतरलं होतं. कपाळाच्या मधोमध घडी पडली होती.

कालपर्यंत ती मुलगी माझ्याकडून लोणच्याची फोड मागून घेत होती. डोळ्यांत पाणी यायचं, तरी हसत पुन्हा हात पुढे करायची. आता तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती तळहातांनी तो कागद सपाट करायला लागली, तसं तेल आणखीच पसरलं. गृहस्थ येऊन उभा राहिला. त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिने ते आम्हाला विचारलं, "हे कोणी केलं?"

नवऱ्याला एवढंच कळलं की कोणीतरी वरचा माणूस चिडला आहे. अशा वेळचं त्याचं एक वाक्य ठरलेलं आहे. पार्किंगचा दंड असो की कॉन्डोच्या स्विमिंग पूलचा नियम, तो आवाज चढवून तेच म्हणतो आणि सिंगापुरात ते बऱ्याचदा खपूनही जातं.

"नोबडी टोल्ड अस!" तो म्हणाला.

"अरे गाढवा, तिने सांगितलं होतं! तू झोपला होतास!" मी मराठीत ओरडले. मग तेच इंग्रजीत सांगितलं. पण गृहस्थ माझ्याकडे बघतच नव्हता. त्याला जे कळायचं ते त्या मुलीच्या तोंडूनच कळणार होतं. नवऱ्याच्या वाक्याचं, म्हणजे स्वतःवरच्याच आरोपाचं, भाषांतर तिलाच करायचं होतं. ती मान खाली घालून काहीतरी बोलली. छोटंसंच.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दुसरी मुलगी होती. कालची कुठे आहे, मी विचारलं. "तिला बरं नाही." पुन्हा विचारलं तर म्हणाली, "आज आपण संग्रहालय पाहणार आहोत." शेवटपर्यंत मी विचारत राहिले आणि शेवटपर्यंत संग्रहालयंच मिळाली.

सिंगापुरात परतल्यावर मी ट्रॅव्हल एजंटला फोन केला. तिची चूक नव्हती, एवढं तरी तिकडे कळवा, म्हटलं. "आंटी, डोंट आस्क लाह," तो म्हणाला. "यू आस्क, शी गेट मोअर ट्रबल." मी फोन आपटला. गप्प बसायचं तर जीव जळतो आणि बोलायचं तर तिच्यावरच येतं. मग नवऱ्यावर चिडले, तो हक्काचा.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या टेबलांवर, नवऱ्याच्या मित्रांची मंडळी जमली होती. नवऱ्याने लोणच्याचा किस्सा रंगवून सांगायला घेतला. सगळे हसत होते. त्या वाक्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे."

"असं म्हणाला नाहीस तू," मी म्हटलं.

"जाऊ द्या हो वहिनी," एक मित्र म्हणाला.

नवरा प्लेटमधल्या नूडल्स ढवळत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "तिने भाषांतर काय केलं ते तुला तरी कुठे माहीत आहे? केलंही असेल तिने असंच. पाहुणे माफी मागताहेत म्हणून."

"तसं केलं असतं," मी म्हटलं, "तर दुसऱ्या दिवशी बसमध्ये तीच असती."