ज्येष्ठेची चांदी

आमच्या घरच्या महालक्ष्म्या इचोड्याला, मोठ्या दिरांकडे बसतात. ज्येष्ठेला जाऊबाई नेसवतात, कनिष्ठेला मी. सासूबाईंनीच तसं वाटून दिलेलं. मुखवटे दोन्ही जोडीचे, पितळेचे. पण बसायची जागा बघा: त्यांची ज्येष्ठा खिडकीपाशी, लख्ख उजेडात, माझी कनिष्ठा कोपऱ्यात.

एका वर्षी जाऊबाईंनी नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर जवळच्या फोटोची ती फुलाची खूण लावली आणि ज्येष्ठेच्या नथीचा इतक्या जवळून फोटो काढला, की मोत्याचं भोकसुद्धा दिसावं. फोटो साऱ्या नातलगांत फिरला. शेजारची तेलुगू बाई तर मलाच, हो मलाच, सांगून गेली, "चाला बागुंदी!" फार छान म्हणे. माझा जीव असा जळला, की त्यावर फुलोऱ्याच्या करंज्या तळून निघाल्या असत्या.

मी तेव्हा पन्नाशीची, अक्कल मात्र पंधराची. मुलाचा जुना कॅमेरा मागून घेतला आणि आदिलाबादच्या घरी वर्षभर सराव केला. फुलाची खूण लावून परसातल्या भेंडीच्या फुलाला अशी भिडले, की फोटोत फूल कमी आणि माझीच सावली जास्त. मग मुलानं फोनवर मीटरिंग शिकवलं.

"आई, तुझा कॅमेरा साऱ्या चौकटीचा उजेड मोजून राह्यला. मागं लायटिंग असली का चेहरा काळा येते. ठिपक्याची खूण लाव. ठिपका चेहऱ्यावर धर, बटन अर्धं दाबून ठेव, मंग चौकट जमव."

"म्हणजे ज्याच्यावर ठिपका, त्याचंच भलं?"

"हो. बाकीच्यायचं काईबी होवो."

मला एवढंच तर हवं होतं.

पुढच्या महालक्ष्म्यांना जाऊबाई पुरणपोळ्यांत अडकल्या आणि मी ठिपका कनिष्ठेच्या गालावर धरला. काय फोटो आला! माझी लक्ष्मी सोन्यासारखी उजळली, आणि खिडकीपाशची ज्येष्ठा पांढरीफटक. नाक-डोळे सगळे उजेडात विरलेले. मी लगेच तो कॉम्प्युटरवर चढवला आणि सगळ्यांना धाडला.

संध्याकाळी नागपूरहून नणंदेचा फोन. "वहिनी, मोठीनं औंदा चांदीचा मुखवटा केला काय? कसा चमकून राह्यला! आमाले सांगतलं नाही काऊन?"

चांदी! मी जाऊबाईंची लक्ष्मी उजेडात घालवली, आणि लोकांना त्यात चांदी दिसली. मग फोनवर फोन. जाऊबाईंनी एकदाही "नाही" म्हटलं नाही. नुसत्या हसून "देवीची कृपा" म्हणत राहिल्या. शेवटी दिरांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. पुढच्या वर्षी ज्येष्ठेच्या मुखवट्यावर खरोखरीचं चांदीचं पाणी चढलं.

"आता जोडी बिघडली," सासूबाई म्हणाल्या. मी आशेनं नवऱ्याकडे पाहिलं.

"पितळ काय वाईट हाय?" म्हणाले, आणि ताटाकडे वळले.

आता नात फोनवर फोटो काढते. काचेवर जिथं बोट ठेवावं, तिथला उजेड फोन धरतो. म्हणजे माझा तो ठिपकाच. अंधारावर ठेवला तर उजळवतो, चकाकीवर ठेवला तर चकाकीच दाबून टाकतो. औंदा ती कनिष्ठेवर बोट ठेवायला गेली, तर मी तिचं मनगट धरलं.

"तिकडं नको. त्या चांदीवर ठेव."

"अगं आजी, मग तुझी लक्ष्मी काळी दिसते ना!"

"दिसू दे. ती चांदी पाह्य ना, कशी मळक्या जर्मनच्या भगुण्यावानी दिसून राह्यली!"