गिरणीवाल्याचा आवाज

सोनईकडच्या आमच्या गावचा गिरणीवाला शांत खोलीतही ओरडूनच बोलतो. बारशाला गेला की पाळण्यातलं पोर दचकतं. गिरणी चालू असली की आम्हीही ओरडतो, कारण तिथं शेजारच्यालासुद्धा काही ऐकू जात नाही.

त्या भरवशावर, नव्या दवाखान्याची जागा ठरवणाऱ्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, मी त्याच्या कानाशी ओरडलो, "दवाखाना हायवेलाच होऊ द्या, माझ्या प्लॉटला भाव येईल!" नेमकी अर्ध्या वाक्यात लाईट गेली. प्लॉटचा भाव सगळ्या रांगेनं ऐकला.

रांगेत खालच्या वस्तीवरच्या बायका होत्या, दिवस भरत आलेली गिरणीवाल्याची सूनही होती. दवाखान्यासाठी विकास शुल्क प्रत्येक घरानं भरायचं होतं. वस्तीला बाजारतळाची जागा जवळ होती, हायवे लांब.

"येऊ द्या की सरांना भाव," एक म्हातारी म्हणाली, "आमच्या पोरी व्हतील बाळंत रस्त्यात."

गिरणीवाल्यानं माझा पहिल्या नंबरचा डबा उचलून शेवटी ठेवला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "सर, उद्या ग्रामसभेत बी येवढ्याच मोठ्यानं बोला."

लाईट आली. माझं दळण काही आलं नाही.

ग्रामसभेत हायवेसाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा गिरणीवाला भिंतीला टेकून माझ्याकडंच बघत होता. मी हात मांडीखाली दाबून बसलो. बाजारतळासाठी मात्र हात वर गेला. लाजेनं गेला की घरात पीठ नव्हतं म्हणून, देव जाणे.

तेवढ्यात भरल्या सभेवरून आरोळी आली, "सर, जाताना डबा घिऊन जा!"