दत्तोपंतांचं नैसर्गिक बाळंतपण

गारखेड्यातले दत्तोपंत जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांना हुकूम सोडायला कुणी सापडत नव्हतं. सून सईला आठवा महिना लागला आणि ती सोय झाली. बाळंतपण नैसर्गिकच होणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मुलगा देवेश वाळूजच्या कंपनीत पाळ्या करायचा, त्यामुळं आडवं यायला घरात कुणी नव्हतं.

सई सकाळी चालायला निघाली की पंत मागून "पाऊल लांब टाक" म्हणत यायचे. ती खाली बसून गुडघे हलवण्याचा व्यायाम करायची, तेव्हा हे सोफ्यावर रेलून तिचे श्वास मोजायचे. खजूरही तेच हातावर ठेवत. स्वतःला एक मजला चढताना धाप लागायची, पण त्याचा इथं काय संबंध. सईची तक्रार नव्हती. चालणं, श्वास, खजूर डॉक्टरीणबाईंनाही मान्य होतं. तिला एवढंच हवं होतं की कळा आपल्या वेळेनं याव्यात, कुणी घाई करू नये.

घाई केली पंचांगानं. नववा भरत आला आणि पंतांना दिसलं की शनिवारी मूळ नक्षत्र लागतंय. नातू मुळावर जन्मला तर शांत करावी लागणार, चार लोक विचारणार. निसर्गावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, फक्त निसर्गानं शुक्रवारच्या आत आटपायला हवं होतं. ते तडक गुलमंडीच्या बाजारात गेले आणि कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल घेऊन आले.

"दुधातून घे, सई. अगदी नैसर्गिक आहे," पेला पुढं करत ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टरांनी बजावलंय, न विचारता असलं काही घेऊ नका. मी नाही घेणार."

"डॉक्टरला काय कळतंय? आपल्या घरात हेच चालत आलंय. विचार तुझ्या सासूला. देवेशच्या वेळी हिनंही घेतलं होतं."

प्रमोदिनीबाई मेथी निवडत होत्या. नवऱ्यानं त्यांना साक्षीला बोलवायची ही पहिलीच वेळ. त्यांनी पदराला हात पुसले.

"घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "रात्रभर संडासात होते. कळा आल्या तेव्हा जोर लावायला अंगात त्राणच उरलं नव्हतं. देवेशला चिमटे लावून ओढलं. मला उठून बसवत नव्हतं, आणि तुम्ही बाहेर पेढे वाटत सांगत होता, आमच्याकडं सगळं नैसर्गिकच होतं."

प्रमोदिनीबाईंनी पंतांच्या हातातून पेला घेतला आणि मोरीत ओतला.

सईला कळा शनिवारी पहाटे आल्या, भर मुळावर, आपल्या वेळेनं. संध्याकाळी मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पहिल्याच माणसानं "नॉर्मल ना?" असं विचारलं, तेव्हा पंतांनी फोन बायकोच्या हातात दिला.

"दोघी बऱ्या आहेत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "बाकीचं सईला विचारा. बाळंत ती झालीय."